ज्योत नाही, म्हणून चटका नाही?

गेल्या आठवड्यात मामेभावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप पुढे ढकलला. त्याआधीच तो मला तीन ठिकाणांहून आला होता. मजकूर असा : "अंध व्यक्तीला गॅसजवळ जाऊ देऊ नका. विजेचा ग्रिल घेऊन द्या. ज्योत नाही, म्हणजे भाजण्याची भीती नाही. हिरवा दिवा लागला की पदार्थ तयार. उलटावं लागत नाही. भरतापासून बट्टीपर्यंत सगळं होतं." शेवटी "जोडलेले हात, जोडलेले हात" असं माझ्या फोनने पाच वेळा वाचून दाखवलं. संध्याकाळी अमळनेरहून आईचा फोन : "व माय, तुले चटका लागी जाई. तो गॅस काढी टाक ना."

मी चौदा वर्षांपासून पूर्ण अंध आहे. भुसावळला राहते, रोजचा स्वयंपाक माझ्याकडेच असतो आणि माझ्या ओट्यावर शेगडीच्या शेजारी तीन वर्षांपासून तसला, दोन तव्यांचा झाकणवाला ग्रिल आहे. तो मला आवडतो. म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेल्या गोष्टी खोडायच्या आहेत.

भाजण्याची भीती नाही म्हणे. पहिल्या महिन्यात मला दोन चटके बसले, दोन्ही ग्रिलचे. गॅस बोलतो हो. पेटताना भप्प होतो, जळताना सूं सूं करतो, मोठा-छोटा केला की आवाज बदलतो, बंद केला की गप्प. ग्रिल मुका. त्याचे तवे दोनशे अंशांच्या आसपास तापतात आणि बटण बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलेच राहतात, पण चूं नाही की चां नाही. शिवाय आपल्या हाताला सवय असते ती खालून येणाऱ्या आचेची. इथे दुसरा तवा झाकणाला असतो, म्हणजे हाताच्या वर. ब्रेड चाचपायला गेले आणि मनगटाची वरची बाजू टेकली. हे त्या निरोपात कुठे आहे?

त्यावर उपाय आहे, पण तो यंत्रात नाही. ग्रिल थंड असताना, प्लग काढून, मी तो तासभर नुसता हाताळला : मूठ कुठे, बिजागरी कुठे, झाकण कुठवर जाऊन थांबतं, पुढे तेल पडायचा ट्रे कसा सरकतो. आता चालू ग्रिलशी बोटांचा संबंध फक्त मुठीशी. डाव्या हाताने मूठ धरून झाकण शेवटपर्यंत उघडायचं, उजव्या हातात लाकडी उलथणं. पदार्थ उलथण्यावर ठेवायचा, उलथणं खालच्या तव्याच्या पुढच्या काठाला टेकवायचं आणि आत सरकवायचं. कोपरापर्यंतचे हातमोजे घालते. कोणी हसलं तर हसू दे. वायर ओट्यावर मोकळी सोडत नाही, कारण चाचपत फिरणारा हात आधी तिच्यातच अडकतो.

हिरव्या दिव्याबद्दल काय बोलावं! अंधांसाठी सोय म्हणून दिवा. पण डोळसांनाही सांगते, साध्या ग्रिलचा तो दिवा पदार्थाचा नसतोच, तव्याचा असतो. तवा ठरलेल्या उष्णतेला पोचला एवढंच तो सांगतो. आत घातलेलं पनीर कच्चं आहे की करपलंय, त्याला काय ठाऊक? माझ्या ग्रिलचा थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णता सांभाळणारा स्विच, टक् करतो, तो टक् माझा दिवा. पुढचं काम कानाचं. पनीर ठेवलं की पाणी सुटून जोरात चुरचुरतं, पाणी आटत गेलं की आवाज बारीक होतो आणि भाजल्याचा वास पुढे येतो. वांग्याच्या चकत्या असतील तर झाकणाची मूठच सांगते : वांगं मऊ पडलं की झाकण खाली बसतं, मूठ सुरुवातीपेक्षा बोटभर खाली लागते. कोंबडीला मात्र कान-नाक पुरे नाहीत. तिथे बोलणारा थर्मामीटर सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध खुपसते, 74 अंश म्हणाला की काढते.

उलटावं लागत नाही हे शंभर टक्के खरं. तव्यावर सहा तुकडे एकेक शोधून उलटायचे, त्यात एक हमखास निसटतो. ही कटकट ग्रिलने संपवली. पैसे त्याचेच वसूल झाले.

आता भरीत. निरोप लिहिणारा खान्देशातला नसावा. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय चकत्या करायला? बामणोदकडचं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, कमी बियांचं वांगं ग्रिलमध्ये अख्खं घाला, झाकण आ वासून राहतं. चिरून घातलं तर स्वतःच्याच पाण्यात वाफवून निघतं. खातो आम्ही तेही, पण त्याला भरीत म्हणू नये. कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायचं, त्यातला धूर वगळला तर राहिलं काय? शहरातल्या ओट्यावर काड्या नाहीत, म्हणून मी गॅसवर जाळी ठेवते. वांग्याला टोचे मारायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि देठ चिमट्यात धरून फिरवत राहायचं. साल तडतडायची थांबली की सुरी आत घालून बघायची, लोण्यासारखी गेली पाहिजे. बट्टीचं थोडक्यात : कणकेचा गोळा तो, दोन तव्यांत चपटा होतो.

म्हणून "गॅसजवळ जाऊ देऊ नका" हे सगळ्यात खोटं. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. त्या वेळी ग्रिल म्हणजे झाकणाचं पेटाड. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तर त्यात फुगणारच नाही. आणि दाखलाच हवा असेल तर क्रिस्टीन हा ही अंध बाई 2012 साली अमेरिकेतल्या मास्टरशेफ स्पर्धेत जिंकली, तीही डोळस स्पर्धकांच्या शेजारी शेगडीवर रांधून.

मामेभाऊ आता दुसरा, मोठा ग्रिल घेऊन द्यायला निघालाय, 2000 वॅटचा. म्हटलं, तो पावणेनऊ अँपियर ओढेल, साध्या सहाच्या सॉकेटवर चालणार नाही. आणि त्याला फिरवायचं बटण आहे की नुसती सपाट काच? बटण असेल तर मी खुणेच्या जागी एम-सीलचा ज्वारीएवढा दाणा चिकटवीन. काच असेल तर कितीवर आहे ते मला रोज शेजारणीला विचारावं लागेल. "बघून सांगतो" म्हणालाय.