डिपॉझिट अडकलेला माणूस खरं बोलत नाही

डोंबिवलीत भाड्याने घर शोधताना एक लक्षात ठेवायचं, एजंट जी मिनिटं सांगतो ती त्याच्या स्कूटरवरची असतात आणि तीही दुपारी दीडची, मानपाडा रोडवर चिटपाखरू नसतं तेव्हाची. तेच "पाच मिनिट वॉकेबल" घर नेमकं कुठे आहे ते संध्याकाळी शेअर रिक्षाच्या लायनीत उभं राहिलं की कळतं. "डोंबिवली-ठाकुर्लीच्या मधे" असं कुणी म्हणालं तर समजायचं, दोन्हीकडून लांब, आणि ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही ती नाहीच.

पण अंतराचं एक बरं, ते चालून तरी मोजता येतं. घराच्या आतलं कोण सांगणार? मालक सांगत नाही, एजंटला एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून हवंय, वॉचमन मोबाइलमधून मान वर काढत नाही. खरं काय ते फक्त एकालाच माहीत असतं, जो घर सोडून चाललाय त्याला.

आणि गंमत म्हणजे तो तिथेच असतो! रिकामं घर बघायला मिळणं म्हणजे नशीबच. एरवी वहिनी पोळ्या लाटत असतात, पोरगं टीव्हीसमोर, आणि आपण चपला काढून "सॉरी हां" करत त्यांचं बाथरूम उघडून बघतो. एजंट तर सासुरवाडीला आल्यासारखा फिरतो, "क्रॉस व्हेंटिलेशन बघा साहेब" म्हणून त्याने फर्रकन पडदा ओढला तर मागे अख्ख्या कुटुंबाचे अंतर्वस्त्र वाळत होते.

मी विचारलं, पाण्याचं कसं? "चोवीस तास!" एजंट म्हणाला. वहिनींचं लाटणं थांबलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडातून चकार शब्द न काढता लाटण्यानेच मोरीकडे इशारा केला. तिथे माझ्या छातीएवढा निळा ड्रम, ड्रमवर कळशी, शेजारी ओळीने बादल्या. चोवीस तास पाणी असलेल्या घरात ड्रममधे काय लोणचं घालतात का? बोलल्या नाहीत कारण त्यांचं डिपॉझिट अजून मालकाकडे होतं, आणि त्यातून रंगकाम कापायचं, तोटी कापायची की भिंतीतला प्रत्येक खिळा कापायचा हे अजून ठरायचं होतं.

मग मी नाद म्हणून कायदा वाचला. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. वाचून भरून आलं हो! आपलं खरं मानणारं कुणीतरी आहे. प्रत्यक्षात मालकाने अंगठ्याचं मशीनवाला माणूस घरीच बोलावला, 11 महिन्यांचा करार पक्का नोंदवला आणि खर्च माझ्या माथी मारला.

हे घर मिळालं कसं ते सांगायचं राहिलं. इथल्या आधीच्या भाडेकरूचं डिपॉझिट त्याच सकाळी खात्यात जमा झालं होतं. तो माणूस जो सुटला! पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात ओल येते, वरच्या मजल्यावर कोण किती वाजता मसाला कुटतं, सेक्रेटरी कशावरून चिडतात, पंखा तीनच्या वर नेला की कसा हलतो, सगळं खोल्याखोल्यांतून फिरवून दाखवलं. एजंट मधेमधे खोकत होता, याला कोण विचारतो. बायको म्हणाली हेच घेऊ, निदान काय काय बिघडलंय ते तरी माहितीये.

ब्रोकरेज एजंटने पूर्ण घेतलं. वर म्हणतो, "बघा साहेब, घर कसं डिटेलमधे दाखवलं."