जुळा नव्हे, थोरला चुलत

‘नासाला सापडला सूर्याचा जुळा भाऊ! भोवती हुबेहूब पृथ्वी, भरपूर पाणी, माणूस आरामात राहू शकतो.’ सोबत निळ्या-हिरव्या गोळ्याचा फोटो. केपलर-४५२ या ताऱ्याचा हा मेसेज २०१५पासून अधूनमधून उगवतो. परवा पुन्हा आला.

फोटोचं आधी निकालात काढू. ते चित्र आहे, कल्पनेनं रंगवलेलं. नासाच्या केपलर या अवकाश दुर्बिणीला ग्रह दिसलाच नव्हता. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित कमी होतो; या ताऱ्याचा उजेड दर ३८५ दिवसांनी जेमतेम ०.०२ टक्के मंदावतो, एवढंच तिनं टिपलं. तेही चार वर्षांत चारदा.

‘जुळा’ हे अर्धं खरं. हंस तारकासमूहातला हा तारा सूर्यासारखाच जी२ वर्गाचा (तापमान आणि रंगावरून ठरणारा ताऱ्यांचा वर्ग). पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५७५७ केल्विन, सूर्याचं ५७७२. एवढा फरक मोजमापाच्या त्रुटीतच विरतो. पण व्यास साधारण ११ टक्के मोठा, तेज २० टक्के जास्त, वय अंदाजे ६ अब्ज वर्षं. आपला सूर्य ४.६ अब्जांचा. असे तारे वय वाढेल तसे थंडावत नाहीत, उलट अधिक तेजस्वी होतात: हायड्रोजनचं हेलियम होत जातं, गाभा आकसून तापतो, आणि इंधन आणखी भराभर जळतं. नासानं ग्रहाला पृथ्वीचं ‘थोरलं चुलत भावंड’ म्हटलं होतं. ताऱ्यालाही तेच नातं शोभतं.

हुबेहूब पृथ्वी? ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे १.६ पट, आणि तीही ताऱ्याच्या त्रिज्येवरून काढलेली. तिथं चूक झाली की इथंही झाली. वस्तुमान कुणी मोजलेलंच नाही, त्यामुळे खडक की जाड वायूचं वेष्टन, हे ठरत नाही. पाण्याचंही तसंच. ग्रह वास्तव्ययोग्य पट्ट्यात येतो म्हणजे पाणी द्रवरूपात टिकू शकेल असं अंतर. पाणी सापडलं असं नव्हे.

राहायला जायचं तर अंतर सुमारे १८०० प्रकाशवर्षं. नासाच्या व्हॉयेजर-१ यानाच्या वेगानं तीन कोटी वर्षांहून जास्त.

आणि मेसेजवाल्यांच्या कानावर न गेलेली गोष्ट: २०१८मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं की हा ग्रह पक्का म्हणण्याइतका पुरावाच नाही. केपलर स्वतः ३७२ दिवसांत सूर्याभोवती फिरायची, आणि तिच्या उपकरणातले खोटे संकेत याच कालावधीच्या आसपास गर्दी करायचे. ३८५ दिवस त्याच्या अगदी शेजारी.