बत्तीस ‘ई’ आणि एक सामाईक पूर्वज

बिले वेगवेगळ्या स्वरूपांत लिहून देणारे सात प्रोग्राम, म्हणजे एक्स्पोर्टर, आमच्याकडे आहेत, आणि रिकामे बिल, शून्य रक्कम, चुकीची तारीख व ‘ज्योत्स्ना’ हे नाव या चार परीक्षा त्यांतल्या प्रत्येकाला द्याव्याच लागतात. त्याच चार चाचण्या सात फाइलींत चिकटवणे जिवावर आले, म्हणून मी एक बेस क्लास (ज्याचा कोड इतर क्लासना वारशाने मिळतो असा पूर्वज) लिहिला, आपापला एक्स्पोर्टर हजर करण्याचे तेवढे काम वारसांवर सोपवले आणि बाकीची इस्टेट सर्वांच्या नावे सामाईक करून टाकली.

चाचण्या चालवल्या. वारसांची २८ टिंबे (पास झालेल्या चाचणीमागे एक) निमूटपणे उमटली. पण त्यांच्या मधूनमधून ३२ ‘ई’, म्हणजे एरर, तणासारखे उगवले होते. पायथन भाषेच्या युनिटटेस्ट या चाचणी-साधनातला, चाचण्या गोळा करणारा लोडर हा शिरगणतीला आलेल्या कारकुनासारखा असतो. फाइलीत टेस्टकेसच्या (चाचणी-क्लासांच्या मूळपुरुषाच्या) कुळातले जे कोणी दिसेल, ते तिथलेच धरून तो नोंदवतो. ते दुसऱ्या फाइलीतून इम्पोर्ट होऊन आलेले पाहुणे आहेत, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. माझा बेस क्लास टेस्टकेसच्याच कुळातला; सातही फाइलींनी तो नावानिशी इम्पोर्ट केला होता, शिवाय त्याच्या स्वतःच्या फाइलीचे नावही (माझीच हौस) ‘टेस्ट’ने सुरू होत होते, आणि अशा नावाची फाइल लोडर उघडतोच. आठ चोक बत्तीस. दर वेळी पूर्वजाकडे एक्स्पोर्टर मागितला जाई आणि तो ‘नॉटइम्प्लिमेंटेडएरर’ (हे काम लिहिलेलेच नाही) म्हणून हात वर करी.

मग मी त्याच्या डोक्यावर ‘स्किप’ हा डेकोरेटर (चाचण्या वगळा, अशी क्लासवर लावायची खूण) चढवला. निकाल आला : ओके! हा आनंद चहा येईपर्यंत टिकला, कारण ‘स्किप’सुद्धा वारशाने उतरतो. सातही वारसांनी परीक्षेला बसणेच सोडले होते आणि साठच्या साठ चाचण्या वगळून पायथन मला शाबासकी देत होता.

शेवटी पूर्वजाला टेस्टकेसच्या कुळातूनच बाहेर काढून नुसते मिक्सिन (एकटे न चालवता दुसऱ्या क्लासात मिसळायचा क्लास) केले आणि वारसांना मिक्सिन व टेस्टकेस असे दोन पालक दिले. एका फाइलीत मात्र चुकून टेस्टकेस आधी, म्हणजे डावीकडे, लिहिला गेला. त्याचे रिकामे सेटअप (चाचणीपूर्वीची तयारी) पहिले सापडले आणि मिक्सिनचे सेटअप चाललेच नाही. डावीकडे कोण बसणार, यावरून फक्त लग्नाच्या मांडवातच रुसवे होतात, असा माझा तोवर समज होता.

आता २८ टिंबे उमटतात, ‘ई’ एकही नाही. काल नव्या सहकाऱ्याचा निरोप आला : “सर, तुमचा तो मिक्सिन क्लास टेस्टकेसचा वारस करायचा राहिला होता, मी केला आहे.” निकाल उघडण्यापूर्वीच मी आकडा सांगून टाकला.