स्मारक किती फूट उंच?

आपल्याकडे स्मारकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: उंची किती? नवी मुंबईतल्याच एका नियोजित स्मारकासाठी मीही एकदा नकाशे घेऊन बैठकीला गेले होते. झाडं, बसायला ओटे, सावलीतली वाट असं सगळं काढलं होतं. समोरच्यांनी कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "मॅडम, हे हायवेवरून दिसणार का?" काम अर्थातच मिळालं नाही. असो, पुनर्विकासाच्या फायलींवर आमचं ऑफिस बरं चाललंय.

गंमत म्हणजे हे शहर ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्यातल्या चार्ल्स कोरिया या वास्तुविशारदाने आयुष्यभर या प्रश्नाला भीक घातली नाही. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. त्याआधीच, 1963 मध्ये, त्यांचं साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय उभं राहिलं होतं. तेव्हा वय तेहेतिशीच्याही आत.

अहमदाबादला गेलात तर तिथे तासभर नुसते बसा. सहा बाय सहा मीटरचे चौकोन, विटांचे खांब, वर कौलं. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. काही चौकोनांत गांधीजींची पत्रं-छायाचित्रं, काही नुसतेच मोकळे, मध्ये पाणी. काँक्रीटच्या तुळया मुद्दाम पन्हळीसारख्या केल्यात. छप्पर त्यांच्यावरच टेकतं आणि पावसाचं पाणीही त्यांच्यातूनच वाहून जातं. तुळई आणि पन्हळ एकच! एवढ्या मोठ्या माणसाचं स्मारक आणि पुढ्यात उभं राहून मान वर करावी असं काहीही नाही. शेजारच्या हृदयकुंजपुढे, म्हणजे गांधीजींच्या साध्या घरापुढे, शेखी मिरवायची नाही, हे त्या तरुण माणसाला कळलं होतं.

कोरियांचंच भोपाळचं भारत भवन, 1982 चं कलासंकुल, हायवेवरून सोडा, दारातूनही धड दिसत नाही. तलावाकाठच्या उतारावर गच्च्या आणि चौक उतरत जातात आणि दालनं त्यांच्या पोटात. जयपूरच्या जवाहर कला केंद्रातली नवग्रहांची प्रतीकं मला जरा जास्तच वाटतात (भक्तांनी माफ करावं), पण मधला मोकळा चौक नाटकवाल्यांनी भरलेला असला की ग्रह-बिह काही आठवत नाहीत.

आणि हाच हात नवी मुंबईतल्या बेलापूरला, सेक्टर 8 मध्ये आहे. आर्टिस्ट व्हिलेज नावाची घरांची वसाहत. आठ बाय आठ मीटरचा चौक आणि भोवती सात घरं. मूळ कौलारू घरं आता फारशी उरली नाहीत. लोकांनी मजले चढवले, टाइल्स लावल्या. वाढवता येतील अशीच ती घरं होती, म्हणून त्याचं मला दुःख नाही. चौक मात्र अजून आहेत: तुळस, दोन स्कूटर, वाळत घातलेले पापड, आणि "कोण पाहिजे?" असं विचारणाऱ्या काकू. संग्रहालयातला चौक आणि हा चौक एकाच समजुतीतून आलेत.

माझं म्हणणं एवढंच, की सार्वजनिक वास्तूची परीक्षा तिकीट न काढता तिथे किती वेळ बसता येतं यावर व्हावी. ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकात मला घुमटापेक्षा ग्रंथालय मोलाचं वाटतं, ते यासाठीच. बाबासाहेबांना तरी दुसरं काय आवडलं असतं?

आता आर्किटेक्चरची मुलं विचारतात, "म्युझियमच करायचीत, करिअर होईल का?" खरं सांगते, अवघड आहे. टेंडरमध्ये मागच्या काही वर्षांत तेवढ्याच किमतीचं काम केलेलं हवं, वर टर्नओव्हरची अट. या अटींत तिशीतला कोरियाही पहिल्याच पानावर बाद झाला असता. महापालिकांनी आणि सिडकोने अशा कामांसाठी खुल्या स्पर्धा घ्याव्यात, निनावी प्रवेशिका मागवाव्यात आणि परीक्षकांची नावं आधीच जाहीर करावीत. फार खर्चाचं काम नाही हे.

तोवर पोरांनो, पोर्टफोलिओत रात्रीच्या रोषणाईचे रेंडर कमी करा आणि एक सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, नीट काढा. त्यात दुपारी दोनची सावली दाखवा, पावसाचं पाणी कुठून जातं ते दाखवा, आणि स्वच्छतागृह कुठे आहे तेही.