४७ अधिक ३८ : हातच्याच्या आधीची बेरीज

गेल्या आठवड्यात एकच मजकूर माझ्या फोनवर चार बाजूंनी आला. नातेवाइकांच्या दोन ग्रुपांतून, जुन्या शेजारणीकडून आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीच्या आईकडून. आईने खाली विचारलं होतं, "ताई, मग आपण हिला चुकीचं शिकवतोय का?" त्या प्रश्नासाठी हे सगळं लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा. शाळांनी बेरजेचा खेळखंडोबा केलाय. ४७ अधिक ३८ साठी मुलांना 'चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, सत्तर आणि पंधरा पंच्याऐंशी' असं लांबण लावायला सांगतात. आपल्या हातच्याने हेच दोन सेकंदांत होतं. बेरीज एककापासूनच करायची असते. रोज पन्नास बेरजा घोटून घ्या, मनातली बेरीज आपोआप येईल. मराठीत आकड्यांची नावं उलटी आहेत, म्हणून घरी आकडे इंग्रजीतच शिकवा. आणि हे स्थानमूल्याचं, म्हणजे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरवण्याचं खूळ परदेशातून आलंय.

हातच्याने दोन सेकंदांत होतं हे कागदावर अगदी खरं आहे. हातच्याची रीत फार चांगली आहे, तिसरी-चौथीपर्यंत ती प्रत्येक मुलाला यायलाच हवी. पण मजकूर बोलतोय मनातल्या बेरजेबद्दल, आणि मनात कागद नसतो. सात वर्षांच्या मुलाला दोन आकडे डोळ्यांपुढे एकाखाली एक मांडायचे, न दिसणाऱ्या रेघेखाली न दिसणारे ५ लिहायचे, हातचा एक कुठेतरी धरून ठेवायचा आणि मग दशकांकडे वळायचं. तोवर मूल ते ५ विसरतं.

याहून मोठी अडचण मी दुसरीतल्या एका मुलीच्या वहीत पाहिली. २८ अधिक ३५. तिने २ आणि ३ खाली ५ लिहिले, ८ आणि ५ खाली १३. उत्तर ५१३. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तिच्यासाठी ते नुसते अंकांचे दोन खांब होते. मी बोलले नाही. काड्यापेटीतल्या काड्या काढल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले होतेच. तिने दोन गठ्ठे आणि आठ सुट्या एका ताटलीत ठेवल्या, तीन गठ्ठे आणि पाच सुट्या दुसरीत. मग सगळं एका ताटलीत केलं. थोडा वेळ सुट्या काड्यांकडे बघत बसली, आणि तिची तिनेच पाचातल्या दोन उचलून आठांत घातल्या. "दहा झाल्या, रबर द्या ना." सहावा गठ्ठा बांधला. "सहा गठ्ठे आणि तीन. त्रेसष्ट." मग वही ओढली, ५१३ कडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या काड्या तर पेटीत पण नाहीयेत."

हातचा म्हणजे हाच रबर लावलेला गठ्ठा. ज्या मुलाने तो बांधलेला नाही, त्याला 'हातचा एक' हा नुसता मंत्र होतो. अमेरिकेत कॉन्स्टन्स कामी आणि अ‍ॅन डॉमिनिक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरीच्या मुलांना ७ + ५२ + १८६ ही बेरीज मनात करायला दिली होती. ज्या वर्गांना हातच्याची रीत शिकवली नव्हती, त्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. हातचा शिकलेल्या काही मुलांनी उत्तर दिलं २९. सातापासून सहापर्यंत सगळे अंक सरळ मिळवा, २९ येतात. १८६ या एकट्या आकड्याहून बेरीज लहान कशी, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

बेरीज एककापासूनच करायची, हा नियम कागदाचा आहे. हातचा डावीकडे सरकतो आणि आधी लिहिलेलं खोडावं लागू नये, म्हणून आपण उजवीकडून निघतो. मनात खोडायचं काही नसतं. दशक आधी घेतले की उत्तर सत्तरच्या वर कुठेतरी आहे हे पहिल्या पावलालाच कळतं, पुढे चूक झाली तरी ती थोडक्यात आवरते. आमच्या ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात एखाद्या किराणावाल्यासमोर उभं राहून ऐका. १४८ आणि ७५ झाले तर तो म्हणतो, दीडशे आणि पंच्याहत्तर सव्वादोनशे, दोन कमी, दोनशे तेवीस. खांब मांडत बसत नाही. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. ही मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी करत होती, पण शाळेसारखी मांडलेली सोपी गणितं त्यांना जमत नव्हती. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं होतं. हे अंतर घोटून मिटत नाही. पन्नास बेरजा देण्यापेक्षा पाचच द्या आणि प्रत्येक वेळी विचारा, "कसं केलंस?"

मराठीचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही, त्यात तथ्य आहे. 'सत्तेचाळीस' ऐकून मूल आधी ७ लिहितं आणि ७४ करून बसतं. जर्मन मुलांचीही अशीच चूक होते, कारण त्यांच्याकडेही आधी सात आणि मग चाळीस म्हणतात. ग्वाल्हेरच्या आपल्या मुलांवर तर तिहेरी भार आहे. घरी सत्तेचाळीस, गल्लीत सैंतालीस, शाळेत फोर्टी सेव्हन. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या नव्या वाचनाची बाजू शांतपणे मांडली होती. मला ते तेव्हाही पटलं होतं. मी दोन्ही म्हणवून घेते, 'चाळीस सात, सत्तेचाळीस'. दोन-तीन महिन्यांत मूल पहिलं म्हणणं आपणहून सोडून देतं.

पण आकडे इंग्रजीतच शिकवले तर काय गमवाल, तेही बघा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणतीस आणि छत्तीस? तीस आणि छत्तीस सहासष्ट, एक कमी, पासष्ट. युक्ती नावातच आहे, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत दर दशकाला. हिंदीत उनतीस आहे, पण ८९ ला ती नवासी म्हणते. ट्वेंटी नाइनमध्ये तर तीस ऐकूच येत नाही. ज्यांच्या घरात 'एकोण' बोललं जातं त्यांनी ते मुलापासून काढून घेऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिलं स्थानमूल्याचं परदेशी खूळ. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, एका खडकातून कोरलेलं. तिथल्या संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप आहे, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज द्यायच्या माळा ५०. सत्तावीसच्या पुढचं ते लहानसं वर्तुळ सुटे एकही नाहीत हे सांगतं. शून्याच्या जगातल्या जुन्या नोंदींत या शिलालेखाचं नाव घेतात.

मागच्या थंडीत मुलांना तिथे घेऊन गेले होते. बागेची एक लांब आणि एक आखूड बाजू चालायची तर किती हात, असं विचारलं. वही-पेन्सिल कुणाकडेच नव्हती. एक जण म्हणाला, दोनशे आणि शंभर तीनशे, सत्तर आणि ऐंशी दीडशे, साडेचारशे आणि सात. ती काड्यांवाली मुलगी दगडावर बोट ठेवून उभी होती. "मी एकशे सत्त्याऐंशीतले तीस काढून दोनशे सत्तरला दिले," ती म्हणाली, "तीनशे झाले. राहिले एकशे सत्तावन्न. चारशे सत्तावन्न हात."