शेजाऱ्याकडे तेल सापडलंय? अभिनंदन, ती जमीन तुमचीच होती

समजा उद्या तुम्ही देशाचे प्रमुख झालात (होतात लोक, काही सांगता येत नाही) आणि बातमी आली की शेजारच्या देशाला तेल लागलं, तर जळफळत बसू नका. आधी जुन्या दप्तरांच्या खोलीत माणूस पाठवा, कुठल्यातरी मेलेल्या गव्हर्नरने काढलेला एखादा नकाशा तिथं असतोच ज्यात तो सगळा भाग आपल्याकडे दाखवलेला असतो. काल ज्या जागेला आपण डास आणि जंगल म्हणत होतो ती आजपासून मातृभूमी.

व्हेनेझुएलाकडून शिका. एसेक्विबो म्हणजे शेजारच्या गयानाचा दोन तृतीयांशाहून जास्त देश. १८९९ ला पॅरिसच्या लवादाने त्यातला बहुतेक सगळा भाग तेव्हाच्या ब्रिटिश गयानाला दिला, त्यात गडबड झाली असं व्हेनेझुएला १९६२ पासून जोरात म्हणतंय, तक्रार जुनी आहे, मान्य. पण २०१५ ला तिथल्या समुद्रात एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीला तेल लागलं आणि मग जे प्रेम उतू जायला लागलं की विचारू नका! ३ डिसेंबर २०२३ ला थेट सार्वमतच घेतलं, तेही व्हेनेझुएलातल्या मतदारांचं, एसेक्विबोत जे राहतात त्यांना कोण विचारतो. लगोलग नवा नकाशा छापला आणि सरकारी तेल कंपनीला सांगितलं की तिथले परवाने द्यायच्या तयारीला लागा. म्हणजे लक्षात घ्या, प्रश्न नेहमी घरच्याच लोकांना विचारायचा, उत्तर पाहिजे तेच येतं.

शेजारी गरीब आणि नवखा असेल तर आरडाओरडा पण नको, सभ्यपणे घ्या. पूर्व तिमोर २० मे २००२ ला स्वतंत्र झाला आणि त्याच्या साधारण दोन महिने आधी ऑस्ट्रेलियाने जाहीर करून टाकलं की सागरी हद्दीच्या वादात आंतरराष्ट्रीय कोर्टाचा अधिकार आता आम्ही मानणार नाही. किती दूरदृष्टी! पुढे गॅस आणि तेलाच्या वाटाघाटी चालू असताना २००४ मध्ये तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या खोलीत ऐकायची यंत्रं बसवल्याचा आरोप झाला, आणि ज्या माजी हेराने ही भानगड बाहेर काढली त्यालाच ऑस्ट्रेलियात आरोपी केलं. हद्दीचा करार व्हायला २०१८ उजाडलं.

हे सगळं जमणार नसेल तर इराकच्या सद्दामसारखं सरळ म्हणा की शेजारी तिरके बोअर मारून आमच्या रुमैला तेलक्षेत्रातलं तेल ओढतोय, आणि रणगाडे पाठवा. १९९० ला पाठवले, १९९१ ला परत येताना कुवेतच्या ६०० हून जास्त विहिरी पेटवून आले, तेलाची एवढी काळजी होती.

आणि हो, तेल खरंच आहे का हे आधी तपासायच्या भानगडीत पडू नका, उत्साह जातो. बोलिव्हिया आणि पॅराग्वे १९३२ ते १९३५ चाको नावाच्या कोरड्या रानासाठी लढले, तिथं तेल असणारच अशी आशा होती, जवळपास लाखभर माणसं गेली, कितीतरी जण तर गोळीने नाही, तहानेने आणि आजाराने. पॅराग्वेने बहुतेक सगळं चाको जिंकलं. तेल? त्या भागात विकण्याजोगं काही लागलं नाही. पण नकाशा कसा भरल्यासारखा दिसतो की नाही!

एक उदाहरण मात्र चुकूनही गिरवू नका, आपलंच आहे म्हणून सांगतो. १९७० च्या चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात एक बेट वर आलं, आपण न्यू मूर म्हणालो, बांगलादेश दक्षिण तलपट्टी म्हणाला. सगळं छान चाललं होतं, १९८१ ला आपली जहाजं गेली, झेंडा लागला, आसपास गॅस असल्याची कुजबुजही होती. २०१० पर्यंत बेटच पाण्याखाली गेलं. तरी हद्दीचा वाद होताच, तर दोघं गेले लवादापुढे, २०१४ ला निकाल लागला, वादातल्या साधारण २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला, आणि दोन्ही सरकारांनी चक्क मान्य केला. ना रणगाडे ना सार्वमत, नवा नकाशा घेऊन टीव्हीवर कुणी आलं नाही. असल्या प्रकरणावर निवडणुकीत भाषण तरी काय ठोकणार, सांगा.