काकूंची वही कुणालाच कशी आठवली नाही?

आत्ताच गिरणीवाल्या काकूंच्या शोकसभेहून घरी आलेय. उद्या डोकं थंड झाल्यावर लिहीन असं ठरवलं होतं, पण उद्या मी मवाळ होईन, म्हणून आत्ताच लिहितेय.

दीड तास भाषणं झाली. माजी नगराध्यक्ष, पतसंस्थेचे चेअरमन, वाचनालयाचे अध्यक्ष, दोन निवृत्त गुरुजी. सगळ्यांच्या तोंडी एकच. प्रेमळ. मायाळू. साक्षात अन्नपूर्णा. दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही. खोटं काहीच नाही, ऐकताना मीही रडले. पण या बाईने उभं आयुष्य पिठाची गिरणी चालवली, पुढे तिला मसाला कांडपाची जोड दिली, हाताखालच्या बायकांना बारमाही पगार दिला आणि तोही वेळेवर. हे एकाही वक्त्याला सांगावंसं वाटू नये?

शाळा सुटली की मी त्यांच्याकडे उधारीची वही लिहायला बसायचे. एका गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीला आली. सोबत मंडळाचे अध्यक्ष, गावातले मोठे गृहस्थ. त्यांच्या घरचं दळण कायम उधारीवर. काकूंनी आकडा विचारला, "देते" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांचं पान काढ गं." मी पान काढलं. काकूंनी बाकी मोठ्याने वाचली आणि त्यांना म्हणाल्या, "भाऊ, एवढे तुमच्याकडचे माझे आहेत, ते तुम्ही परस्पर मंडळात भरा. उरलेले हे घ्या. पावती पूर्ण रकमेची फाडा." पोराने सवयीने काकांच्या नावाची पावती फाडली. काकूंनी ती परत केली. "गिरणीचा परवाना माझ्या नावावर आहे. पावती त्याच नावाने."

आज तेच गृहस्थ स्टेजवर होते. म्हणाले, "वहिनींनी कधी कुणाकडे पैसे मागितले नाहीत." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागितले होते की हो! तुमच्याकडेच मागितले होते, पान मीच काढून दिलं होतं!

त्या वर्गणी देत होत्या, कारण त्या वसुली करत होत्या. आपल्याला वर्गणी तेवढी लक्षात ठेवायची असते. बाईचं दातृत्व आपल्याला आवडतं, तिचा हिशेब आवडत नाही. पुरुषाच्या शोकसभेत "शून्यातून व्यवसाय उभा केला" हे पहिलं वाक्य असतं, माणुसकी त्यानंतर येते. काकूंच्या वाट्याला फक्त नंतरचं आलं.

भारनियमनाची ती वर्षं आठवतात ना? थ्री फेज रात्री यायची. रात्री दोनला वीज आली तर काकू दोनला उठून गिरणी लावायच्या. पट्ट्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. सकाळी डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर खडूने नाव. दळण चालू असताना तोंडाशी हात धरून चिमटीत पीठ घ्यायच्या, अंगठ्याने चोळून बघायच्या आणि चाक जरासं फिरवायच्या. भाकरीचं वेगळं, पोळीचं वेगळं. ज्वारीच्या भाकरीला चीर पडली तर दोष दळणाचा की हाताचा, हे त्या भाकरी बघून सांगायच्या. ही कारागिरी आहे. वर्षानुवर्षं उभं राहून मिळवलेली. तिला "माया" म्हणून कसं चालेल?

कांडप यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा कर्जासाठी बँकेत गेल्या. परवाना त्यांचा, वीजबिल त्यांच्या नावावर, वही चोख. तरी साहेबांनी सांगितलं, यजमानांना घेऊन या. यजमान बिचारे आयुष्यात गिरणीच्या हिशेबाला बसले नव्हते! काकूंनी कर्ज नाकारलं आणि भिशी, बचत गट, स्वतःच्या पाटल्या असं करून यंत्र आणलं. त्यावर अवाक्षर बोलल्या नाहीत. वर्गणीच्या पावतीवर मात्र बोलल्या होत्या, हे मला फार नंतर उमगलं.

आणि हे फक्त आमच्या गावचं म्हणू नका. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला होता. कारण काय, तर प्रवर्तक बायका निरक्षर. त्या खचल्या नाहीत. अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल पण मोजता येतं, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुमचे लोक कॅल्क्युलेटरशिवाय करू देत. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात. हे वाचलं तेव्हा मला काकूच दिसल्या होत्या, मोठ्याने बाकी वाचणाऱ्या.

मान्य, काकू तोंडाने फटकळ होत्या, दोघीतिघी कामवाल्या त्यांच्या बोलण्याला कंटाळून सोडूनही गेल्या. आणि शोकसभेत माणसं चांगलंच बोलणार, तेही मान्य. पण व्यवसाय सांगणं म्हणजे वाईट बोलणं आहे का?

2011 साली आपल्या राज्यात पन्नास टक्के आरक्षण झालं, पुढच्या निवडणुकीला आमचा वॉर्ड महिलांसाठी निघाला, तेव्हा पुढारी काकूंकडेच आले. "तुम्ही फक्त उभ्या राहा, बाकीचं आम्ही बघतो." काकू म्हणाल्या, "बाकीचंच तर मला बघता येतं." पुढारी पुन्हा फिरकले नाहीत. उभ्या राहिल्या असत्या तर नगरपरिषदेचा ताळेबंद गावाला पहिल्यांदा कळला असता, असं मला अजून वाटतं.

आता राग थोडा ओसरलाय. त्यांचे हात डोळ्यांसमोर येतात. पापण्यांवर पीठ, नाकाला पदर आणि मला वहीत आकडा चुकला की "सात आहे की एक, नीट काढ, कुणाच्या खिशातून जाईल ते" असं दटावणं. मी आज माझा जीएसटी स्वतः भरते, दुकान स्वतः बघते. हे मला त्या वहीने दिलं. मायेने जेवूही घातलं, पण जेवायला घालणारे खूप होते. वही हातात देणारी एकच.

वाचनालयात त्यांचा फोटो लावायचं ठरलंय. फोटोखाली काय लिहायचं, यावर ग्रुपवर "मातृतुल्य", "थोर दानशूर" वगैरे चालू आहे. मी माझा मजकूर पाठवलाय. वर त्यांचं स्वतःचं नाव. त्याखाली "पीठ गिरणी व मसाला कांडप, मालक". आणि तिसऱ्या ओळीत "वाचनालयाच्या देणगीदार". याच क्रमाने. ज्यांना क्रम बदलायचा असेल त्यांनी ग्रुपवर अंगठे न दाखवता रविवारच्या मीटिंगला समोर येऊन सांगावं. मी येणार आहे.